बाई राजभवनात राहायला जातात तेव्हा

राज्यपालांच्या पत्नीचं किंवा पतीचं आयुष्य कसं असतं, आणि ती व्यक्ती आधी शिक्षक असेल तर त्या अनुभवाचं पुढे काय होतं, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत शिक्षकांची पत्रं जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रं इथे घेतली आहेत. राजशिष्टाचार, शाळेचं प्रशासन आणि पेन्शन या तिन्ही कामांची माहिती असलेल्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. राजभवनांना २०२५च्या अखेरीपासून लोकभवन म्हणायला सुरुवात झाली आहे, पण पत्रांत सगळ्यांनी जुनंच नाव लिहिलं आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.

प्रश्न : राज्यपालांच्या पत्नीला सरकारकडून पगार, पद, अधिकार असं काही मिळतं का? (एक वाचक, परतूर)

उत्तर : पगार नाही, पद नाही, सहीचा अधिकारही नाही. राज्यघटनेच्या १५३व्या अनुच्छेदापासून पुढे राज्यपालांची नेमणूक, मुदत, पात्रता, शपथ हे सगळं आलं आहे, पण त्यांच्या जोडीदाराचा उल्लेख त्यात कुठेच नाही. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर शपथ घेतात ते फक्त राज्यपाल. १ जानेवारी २०१६ पासून दरमहा साडेतीन लाख रुपये वेतन आहे, तेही राज्यपालांचं. कुटुंबाच्या वाट्याला येतं ते भाडं न देता सरकारी निवासस्थान, सरकारी रुग्णालयात मोफत उपचार, आणि रुजू होताना व पद सोडताना प्रवास आणि सामानाची वाहतूक. हे १९८२च्या राज्यपाल वेतन व भत्ते कायद्यातून येतं. ‘राज्याच्या प्रथम महिला’ हा वर्तमानपत्रांनी रूढ केलेला शब्द आहे. सरकारी आदेशाने दिलेला तो किताब नव्हे.

या एका गोष्टीवर पुढची सगळी उत्तरं उभी आहेत. या बाईंच्या टेबलावर फाईल येत नाही. त्यांच्याजवळ असतं ते लोकांचं लक्ष आणि स्वतःचा वेळ. शिक्षिकेला या दोन्हींचा उपयोग करता येतो, कारण वर्गात तरी तिच्याजवळ दुसरं काय असतं?

प्रश्न : त्यांचा दिवस कसा जातो? मी नववीत आहे, निबंधासाठी हवं आहे. (विद्यार्थिनी, गंगाखेड)

उत्तर : महाराष्ट्राच्या राज्यपालांची निवासस्थानं चार : मुंबईत मलबार हिलवर, पुण्यात गणेशखिंडीजवळ, नागपूरला आणि महाबळेश्वरला. मराठवाड्यात एकही नाही. इकडे दौरा असला की मुक्काम छत्रपती संभाजीनगरच्या सुभेदारी विश्रामगृहात, नाहीतर जिल्ह्याच्या शासकीय विश्रामगृहात. म्हणजे या घराचा पत्ता वर्षभर हलत असतो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर, मग परत मुंबई, मध्येच पुणे.

मुंबईचं आवार जवळपास ५० एकरांचं, तीन बाजूंना समुद्र, झाडीत मोर. पण राहायच्या खोल्या त्यातल्या थोड्याच, बाकी दरबार हॉल, पाहुण्यांच्या वास्तू, कार्यालयं, कर्मचाऱ्यांची घरं. घरचा कारभार परिवार प्रबंधक नावाचा अधिकारी बघतो. राज्यपालांसोबत परिसहायक असतात. त्यांना सगळे ‘एडीसी’ म्हणतात. उद्या कुठे जायचं, किती वाजता, सोबत कोण, कोणती गाडी, हे आदल्या दिवशी कागदावर आलेलं असतं. शाळेच्या वेळापत्रकाची सवय असलेल्या बाईंना याचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो मनात आलं म्हणून भाजी आणायला बाहेर पडता येत नाही याचा. बाहेर पडायचं तर सुरक्षारक्षकांना आधी कळवावं लागतं.

निबंधात एक बारकावा घाल. तुमच्या शाळेत बाकं, कपाटं, नकाशे यांची नोंद ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये असते ना? राजभवनातला प्रत्येक पलंग, गालिचा, चांदीचं ताट असंच नोंदलेलं असतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपण आणलेल्या वस्तूंची वेगळी यादी करून तिच्यावर परिवार प्रबंधकांची सही घेतलेली बरी. मुदत पाच वर्षांची असली तरी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच राज्यपाल पदावर राहतात. बदलीचा आदेश अचानक आला तर सामान बांधायला मोजके दिवस हाती असतात. यादी नसेल तर घरची देवघरातली समई सरकारी की आपली, हे सांगणं अवघड होतं.

उरलेल्या वेळात काय करायचं, हे ज्या त्या बाईंवर. आवारात राहणाऱ्या माळ्यांच्या, शिपायांच्या, चालकांच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेता येतो. त्यासाठी ना आदेश लागतो ना निधी, एक खोली, एक फळा आणि ठरलेली वेळ पुरते.

प्रश्न : पत्नी अनुदानित शाळेत नोकरीला असताना पती राज्यपाल झाले, तर तिला नोकरी सोडावीच लागते का? सोडली तर पेन्शनचं काय? (शिक्षिका, माजलगाव)

उत्तर : सोडावीच लागते असा नियम नाही. लाभाचं पद घेऊ नये हे १५८व्या अनुच्छेदातलं बंधन राज्यपालांवर आहे, त्यांच्या पत्नीवर नाही. पण राज्यपाल हे राज्यातल्या विद्यापीठांचे कुलपती असतात. पत्नी त्याच राज्यात महाविद्यालयात शिकवत असेल तर तिच्या संस्थेच्या तक्रारी शेवटी तिच्याच घरी पोचणार. त्यापेक्षा बाजूला होणं केव्हाही सरळ. शाळेच्या बाबतीत अडचण सुरक्षेची. फाटकावर पोलिसांची गाडी उभी असली की गावातले पालक आत यायला बिचकतात.

रस्ते तीन, आणि त्यांत घोटाळा फार होतो. पुढचं सगळं बदलीच्या नवऱ्यामागे जाणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला लागू पडतं, म्हणून सविस्तर देत आहोत.

पहिला रस्ता असाधारण रजेचा, म्हणजे बिनपगारी रजेचा. कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांपेक्षा जास्त काळ कोणतीच रजा मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. वैद्यकीय कारणाशिवाय घेतलेली अशी रजा एरवी पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत आणि वेतनवाढीची तारीखही पुढे जाते. सेवा १८-१९ वर्षं झालेली असेल आणि वीस पुरी करायची असतील, तर ही रजा उपयोगाची नाही. रजेचे दिवस मोजलेच जात नाहीत.

दुसरा रस्ता स्वेच्छानिवृत्तीचा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधला नियम ६६ त्यासाठी आहे. अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा २० वर्षं पूर्ण हवी आणि तीन महिन्यांची लेखी नोटीस हवी. नेमणूक करणाऱ्याने मुदतीत नकार कळवला नाही, तर नोटीस संपेल त्या दिवशी निवृत्ती लागू होते. म्हणून नोटिशीच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय शाळेच्या कार्यालयातून उठू नका.

तिसरा रस्ता राजीनाम्याचा, आणि खरं नुकसान इथेच होतं. ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ एवढं एक वाक्य लिहिलं की मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते, मग ती २४ वर्षांची का असेना. घाईत, दुसऱ्याने टाइप करून आणलेल्या अर्जावर सही होते आणि पुढे ते दुरुस्त होत नाही. अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द नको. ‘नियम ६६ प्रमाणे स्वेच्छेने सेवानिवृत्त होण्याची नोटीस’ असंच लिहा. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांची पेन्शन वेगळ्या, अंशदायी योजनेत येते. त्यांनी आपल्या खात्यातली जमा आणि बाहेर पडण्याच्या अटी आधी तपासाव्यात.

कागदांत सगळ्यात आधी सेवापुस्तक बघा. वेतनपडताळणी पथकाचे शिक्के प्रत्येक वेतन आयोगाच्या निश्चितीवर आहेत का? लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकच व्यक्ती असल्याची नोंद, राजपत्राच्या प्रतीसह, आहे का? नामनिर्देशन कोणाचं आहे? मराठवाड्यातल्या खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांची पेन्शन प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात, आणि यांतली एक नोंद राहिली तरी फाईल परत येते. वेतननिश्चिती चुकलेली असली तर जादा दिलेल्या रकमेची वसुलीही निघते. निवृत्त झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाच. राजभवनात राहायला गेल्या म्हणून त्यातून सुटका नाही. तो आता बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावरून घरबसल्याही देता येतो.

ही पेन्शन तिच्या स्वतःच्या कमाईची. पती राज्यपाल झाल्याने तीत रुपयाही कमी होत नाही.

प्रश्न : बाई एकट्या कार्यक्रमाला आल्या तर राष्ट्रगीत वाजवायचं का? मानवंदना? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सेलू)

उत्तर : नाही. राज्याच्या औपचारिक समारंभात राज्यपाल येतात तेव्हा आणि जातात तेव्हा पूर्ण राष्ट्रगीत, सुमारे ५२ सेकंदांचं, वाजवतात. तो मान पदाचा आहे. गाडीवर ध्वज लावण्याचा मानही पदाचाच, म्हणून पत्नी एकट्या निघाल्या तर त्यांच्या गाडीवर ध्वज नसतो. शाळेने परिपाठात रोजच्यासारखं राष्ट्रगीत म्हणायला हरकत नाही, मात्र ते पाहुण्यांना सलामी म्हणून नव्हे. देशाच्या मानक्रमाच्या यादीत आपल्या राज्यात राज्यपालांचं स्थान राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यानंतर लगेच आहे. पत्नीसाठी त्यात वेगळा क्रमांक नाही. दीक्षान्त समारंभातही त्या मिरवणुकीत चालत नाहीत, समोर पहिल्या रांगेत बसतात. मिरवणूक विद्यापीठाच्या अधिकारमंडळांची असते.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा तांड्यावर आहे, दोन शिक्षक, ६८ मुलं. राज्यपालांच्या पत्नी पूर्वी शिक्षिका होत्या असं कळलं तर त्यांना शाळा दाखवावीशी वाटते. बोलवायचं कसं? (मुख्याध्यापक, किनवट तालुका)

उत्तर : बोलवा. फक्त कार्यक्रम बाईंच्या हारतुऱ्यांसाठी न होता तुमच्या मुलांसाठी होईल असा आखा. राज्यपालांचा नांदेडला विद्यापीठात किंवा परभणीला कृषी विद्यापीठात दौरा असतो, तेव्हा त्यांच्या पत्नी सोबत असण्याची शक्यता असते. राज्यपाल बैठकीत असताना दोन-अडीच तास मोकळे मिळतात, ते मागायचे. नुसत्या तुमच्या शाळेसाठी मुंबईहून किनवटला या, असं पत्र लिहिलं तर ते मागे पडतं.

पत्र राज्यपालांच्या सचिवांच्या नावे, एका पानाचं, निदान दीड महिना आधी. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. त्यात शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, पट, वर्ग, शिक्षकसंख्या, नांदेडपासूनचं अंतर आणि लागणारा खरा वेळ, कार्यक्रमाची लांबी, मंचावर कोण असेल त्यांची नावं, आणि तीन पर्यायी तारखा. मंचावरची यादी नंतर वाढली की कार्यक्रम रद्द होण्यापर्यंत पाळी येते, कारण प्रत्येक नावाची पोलीस पडताळणी होते. तेव्हा सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि तुम्ही, एवढे पुरे.

तारीख निवडताना ऊसतोडीचा हंगाम आठवा. दिवाळीनंतर तांडे रिकामे होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुलं आईबापांसोबत फडावर असतात. पट भरलेला दाखवायचा म्हणून आम्ही ऑगस्ट-सप्टेंबर सुचवणार होतो, पण विचाराअंती मत उलट आहे. जानेवारीत बोलवा. ६८ मधली किती मुलं त्या दिवशी खरोखर हजर आहेत, हंगामी वसतिगृहात किती राहिली, आजी-आजोबांकडे किती, हे हजेरीपटावरून दाखवा. शिक्षिका राहिलेल्या बाईंना रिकामी जागा लगेच दिसते. शेजारच्या शाळेची मुलं आणून बसवू नका. पहिल्या दोन प्रश्नांतच ते उघडं पडतं, आणि मग तुमच्या खऱ्या अडचणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कार्यक्रम ५० मिनिटांचा पुरे. स्वागत पाच मिनिटं, बस. सत्कारांची रांग लावली की वर्गाचा वेळ खाल्ला जातो. त्यानंतर २५ मिनिटं बाईंना वर्ग द्या, आणि तिथे मंच नको. एक वर्ग, तीसपर्यंत मुलं, स्वच्छ फळा, नवे खडू, ओलं फडकं. कोणता पाठ घ्यायचा हे आधी ठरवून मुलांकडून उत्तरं घोटून घेऊ नका. तिसरी-चौथीच्या मुलांना वाचायला लावणं, गोष्ट सांगून पुढे काय होईल ते विचारणं, पाढ्यांचा खेळ, यांतलं जे त्यांना सुचेल ते त्या घेतील. अधिकारी भिंतीला टेकून उभे राहिले की मुलं गप्प बसतात. एक शिक्षक आणि एक महिला सुरक्षा कर्मचारी सोडून बाकीच्यांना ओसरीवर थांबवा, आणि हे आदल्या दिवशीच्या पाहणीतच ठरवून घ्या.

पुढची दहा मिनिटं शिक्षकांशी बोलण्यासाठी, उरलेली दहा पोषण आहारासाठी. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी गुलाबजाम करू नका. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, आणि जेवणातून अनुक्रमे ४५० आणि ७०० कॅलरी मिळायला हव्यात. तेच जेवण, तेच ताट, आणि चव नोंदवहीत बाईंचाही अभिप्राय. अन्न व औषध प्रशासनाचे लोक आधी नमुना तपासतात, म्हणून स्वयंपाक रोजच्यापेक्षा अर्धा-पाऊण तास लवकर सुरू करायला स्वयंपाकी ताईंना सांगा.

आता मुलांची काळजी, आणि यात आम्हाला तडजोड मान्य नाही. स्वागताला रस्त्याच्या दुतर्फा मुलं उभी करू नका. पाहुण्यांची गाडी तासभर उशिरा येणं नेहमीचं आहे. उन्हात हालचाल न करता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याला कमी पडतं, आणि सकाळी नुसता चहा पिऊन आलेलं मूल कोसळतं. जानेवारीतही दुपारी बाराचं ऊन मराठवाड्यात लागतं. कार्यक्रम साडेनऊ ते साडेदहा ठेवा, गाडी तालुक्याहून निघाल्याचा फोन आला की मगच मुलं जागेवर बसवा, तोवर तास चालू राहू द्या. पाणी तासाला मुलामागे अर्धा लिटर धरा. ६८ मुलं आणि शंभरेक गावकरी म्हणजे तासाला साधारण ८५ लिटर, आणि दोन तास धरले तर २० लिटरचे नऊ जार. जलसंजीवनी म्हणजे ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही.

छोट्या गोष्टी ज्यांनी हमखास फजिती होते : मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली ज्याच्याकडे असते तोच त्या दिवशी सापडत नाही. लाईट जाते आणि माइक बंद पडतो, म्हणून बॅटरीवरचा हातातला माइक ठेवा. जनरेटर मागवलाच तर तो वर्गापासून लांब लावा, नाहीतर त्याच्या आवाजात मुलांचं बोलणं कोणालाच ऐकू येत नाही. कापडी मांडवाच्या बाजू बंद केल्या की आत भट्टी होते, वर सावली आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा.

प्रश्न : माझी बदली नवऱ्याच्या गावाजवळ होत नाही. राज्यपालांच्या पत्नी स्वतः शिक्षिका होत्या, त्यांना निवेदन दिलं तर काम होईल? (शिक्षिका, भूम)

उत्तर : ताई, तुमची ओढाताण कळते, पण या दारात काम होणार नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात आणि त्या यादीवर बाईंचा काहीही हात नसतो. निवेदन घेतलं तरी ते सचिवालयातून खाली ग्रामविकास विभागाकडे आणि तिथून फिरून तुमच्याच जिल्ह्याला येतं. तेवढ्यात हरकत नोंदवायची मुदत निघून जाते. पती-पत्नी एकत्रीकरणाचा दावा नोंदवताना दोघांच्या कार्यालयांतलं अंतर दाखवणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला वेळेत जोडा. बहुतेक दावे इथेच पडतात. मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि तिथे दाद लागली नाही तर विभागीय आयुक्त. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. मात्र आस्थापनेचे, म्हणजे नोकरीचे विषय तिथे घेत नाहीत, त्यामुळे तो हेलपाटा वाचवा.

बाईंना सांगायचंच असेल तर एका बदलीचं न सांगता शाळेचं सांगा. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे, आमच्याकडे अमुक पट आणि अमुक जागा रिकाम्या, असं एका कागदावर. असा कागद त्या जेवणाच्या टेबलावर राज्यपालांना दाखवू शकतात. मराठवाड्यासाठी याला वजन आहे : अनुच्छेद ३७१ (२) प्रमाणे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं नेमण्याची आणि निधीचं समन्यायी वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवता येते, आणि त्यात तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षण नाव घेऊन आलं आहे. १९९४ मध्ये आलेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. बाई शाळेत येतील तेव्हा हा विषय सरपंचांनी दोन वाक्यांत जरूर काढावा.

प्रश्न : राज्यपाल बहुधा परराज्यातले असतात. बाईंना मराठी येत नसेल तर मुलांशी काय बोलणार? (पालक, उदगीर)

उत्तर : उदगीरच्या पालकांनी तर याची चिंता करूच नये. तुमच्याकडे मुलं मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढतात. हिंदीत सोपं बोलणं चालतं. दुभाषी हवाच असेल तर तो शिक्षक असावा, अधिकारी नसावा. अधिकारी मुलांच्या दोन वाक्यांचं भाषण करून सांगतात. आणि मुलांनाच एक काम द्या : पाहुण्यांना रोजच्या वापरातले मराठी शब्द शिकवायचे. पाटी, दप्तर, भाकरी, पाऊस, आजी. शिकवायची सवय असलेल्या माणसाला शिकायलाही आवडतं, आणि मुलांची भीड दोन मिनिटांत मोडते.

प्रश्न : अमेरिकेत गव्हर्नरच्या पत्नीला ‘फर्स्ट लेडी’ म्हणतात. आपल्याकडचं आणि तिकडचं सारखंच का? आपल्याकडे कोणी शिक्षक जोडीदार होऊन गेले? (ग्रंथपाल, औंढा नागनाथ)

उत्तर : नाव सारखं, पाया वेगळा. तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला, राज्याचा कारभार स्वतः चालवणारा, म्हणजे कामाने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. म्हणून तिथे पत्नी प्रचारातही असते आणि एखादी मोहीम आपल्या नावावर चालवते. लॉरा बुश यांचं उदाहरण तुम्हा ग्रंथपालांना आवडेल. त्या आधी शाळेत शिक्षिका, मग ग्रंथपाल होत्या. पती टेक्सासचे गव्हर्नर असताना, १९९६ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने तिथे पुस्तक महोत्सव सुरू झाला आणि त्याच्या पैशातून सार्वजनिक ग्रंथालयांना मदत मिळू लागली. पद नसताना, आपल्या जुन्या व्यवसायातून उभं केलेलं हे काम आहे.

आपल्याकडे प्रतिभाताई पाटील २००४ ते २००७ या काळात राजस्थानच्या राज्यपाल होत्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत हे रसायनशास्त्राचे अध्यापक, अमरावतीचे महापौर आणि आमदारही राहिलेले. जोडीदार म्हणजे पत्नीच असं नाही, हे यातून ध्यानात यावं. शिक्षिका स्वतःच राज्यपाल झाल्याचीही उदाहरणं आहेत : द्रौपदी मुर्मू ओडिशात रायरंगपूरला शिकवत होत्या आणि २०१५ ते २०२१ झारखंडच्या राज्यपाल होत्या. आनंदीबेन पटेल अहमदाबादला शाळेत शिक्षिका होत्या.

प्रश्न : माझ्या लहानपणी मराठवाड्याला राज्यपाल नव्हते, ‘राजप्रमुख’ असं ऐकलेलं आठवतं. बरोबर का? (वय ८४, अंबड)

उत्तर : अगदी बरोबर. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि १९५० पासून १९५६ पर्यंत त्या राज्याचे राजप्रमुख खुद्द निजाम होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा इथे पहिल्यांदा राज्यपाल आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा श्रीप्रकाश हे राज्यपाल होते. तुमच्या पिढीने हे तिन्ही बदल शाळेच्या वयात पाहिले. नातवंडांना जरूर सांगा.

प्रश्न : बाईंना भेट काय द्यावी, आणि पत्रात कसं लिहावं? पैठणी घ्यायचं गावकऱ्यांच्या मनात आहे. (शाळा व्यवस्थापन समिती, पैठण तालुका)

उत्तर : पैठणीचा अभिमान योग्यच, पण वर्गणी काढून पैठणी देऊ नका. महागडी भेट सरकारी घरात अडचणीची होते आणि तेवढ्या पैशांत तुमच्या शाळेच्या वाचनपेटीत पन्नास-साठ पुस्तकं येतात. शाल द्यायचीच असेल तर संभाजीनगरची साधी हिमरू द्या. मोठा पुष्पगुच्छ टाळा, सुरक्षारक्षक तो हातातून लगेच काढून घेतात. सगळ्यात चांगली भेट म्हणजे मुलांची पत्रं : एका मुलाचं एक पान, स्वतःच्या अक्षरात, शुद्धलेखन शिक्षकांनी न सुधारलेलं, खाली नाव आणि इयत्ता. सगळी एका फाईलमध्ये शिवून द्या, सुटे कागद गाडीत हरवतात. मुलांचे पत्ते आणि फोन मात्र त्यात नकोत, उत्तरासाठी शाळेचा पत्ता पिनकोडसह पहिल्या पानावर लिहा.

पत्राचा मायना ‘माननीय श्रीमती’ आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, एवढाच. ‘महामहिम’ लिहू नका. राज्यपालांसाठीही आता ‘माननीय राज्यपाल महोदय’ असंच लिहितात. राज्यपाल स्वतः महिला असतील तर ‘महोदया’, आणि त्यांच्या पतींना ‘माननीय श्री’. नाव दोनदा तपासा, शक्यतो राजभवनाच्या पत्रावरून उतरवून घ्या. फलकावर पाहुण्यांचं नाव चुकलं की ते पुसून पुन्हा लिहायला त्या सकाळी वेळ नसतो, म्हणून फलक आदल्या संध्याकाळी रंगवून, गावातल्या दोघांकडून वाचून घेऊन मगच लावा.